चारला अंधार, मग प्रागला जायचं कशाला?

प्रश्न : लेक-जावई म्युनिकला असतात. जानेवारीच्या मध्यावर आम्ही दोघं महिनाभर त्यांच्याकडे जातोय. त्यांना सुट्टी नाही, म्हणून चार दिवस आमचे आम्हीच कुठेतरी फिरून येऊ म्हणतो. ह्यांना प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्ही उरकायची आहेत. मला नुसतं प्राग पुरे. लेक म्हणते, तिथे चारलाच अंधारतं, काही बघून होणार नाही. माझे गुडघे कुरकुरतात आणि आम्ही दोघंही शाकाहारी. व्हिसा जर्मनीचा आहे, तो चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : व्हिसाचं आधी. शेंगेन व्हिसा आहे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. चेक प्रजासत्ताकात चालतो. मात्र पासपोर्ट लेकीच्या कपाटात ठेवून निघू नका. परतताना सीमेवर जर्मन पोलीस गाडीत चढून तपासणी करू शकतात. म्युनिकहून थेट रेल्वे आहे, पिल्झेनवरून जाते. पावणेसहा तासांच्या आसपास धरा.

आता तुमच्या ह्यांचं. चार दिवसांत तीन शहरं म्हणजे तीन स्टेशनं, तीन हॉटेलांचे काउंटर आणि रोज सकाळी बॅगा भरणं. व्हिएन्ना-बुडापेस्टची जोडी वेगळ्या खेपेला ठेवा, त्या दोन शहरांमध्ये रेल्वेने तीन ताससुद्धा लागत नाहीत. तुमचं मत बरोबर आहे, हे पान त्यांच्यासमोर उघडं ठेवा.

लेकीचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पण तो उगवतोही आठच्या सुमाराला! जूनमध्ये चार्ल्स पुलावरचा सूर्योदय बघायचा तर पहाटे पाचला तिथे हजर राहावं लागतं. जानेवारीत हॉटेलात पोटभर नाश्ता करून, दुसरा चहा घेऊन निघालात तरी पूर्वेकडचं आभाळ तांबूसच असेल. नाताळचे बाजार सहा जानेवारीच्या सुमाराला उठतात, त्यामुळे गर्दी ओसरलेली आणि हॉटेलं स्वस्त. 1357 मध्ये बांधायला घेतलेला हा पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. उन्हाळ्यात त्यांच्याऐवजी सेल्फी काढणाऱ्यांच्या पाठी बघाव्या लागतात. नेपोमुक नावाच्या संताचा पुतळा शोधा. राजाच्या हुकमावरून त्याला 1393 मध्ये इथून नदीत फेकलं. पायथ्याचं ब्राँझचं चित्र लोकांनी हात लावून लावून लख्ख केलंय.

गुडघ्यांसाठी : किल्ल्यावर पायी चढायचं मुळीच मनात आणू नका. 22 नंबरची ट्राम धरून पोहोर्शेलेत्सला उतरा, तिथून किल्ल्यापर्यंत सौम्य उतार आहे. आत सेंट व्हिटस कॅथेड्रल. पाया 1344 चा, काम पुरं झालं 1929 मध्ये. आपल्याकडच्या उड्डाणपुलांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. डाव्या हाताला आल्फोन्स मुखा या चित्रकाराची रंगीत काचांची खिडकी आहे, तिच्यासमोर बसायला जागा मिळाली तर सोडू नका. खाली येताना जुन्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, नेरुदोवा रस्ताही टाळा. तो उताराचा आहे आणि दगड बर्फाने गुळगुळीत होतात. ट्रामनेच या. कागदी तिकीट पहिल्यांदा चढताना पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. जुन्या नगरभवनाच्या घड्याळाच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. ते 1410 चं घड्याळ दर तासाला वाजतं, सांगाडा घंटा ओढतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळा खेळ एका मिनिटाच्या आतबाहेर, तेव्हा फार आशेने जाऊ नका.

कपड्यांपेक्षा बुटांवर खर्च करा. तळ झिजलेले चालायचे बूट घरीच राहू देत. माकडटोपी बिनदिक्कत घाला, तिथे कुणी हसत नाही.

दुपारी यहुदी वस्ती. तिथली सिनेगॉगं, म्हणजे यहुद्यांची प्रार्थनाघरं, शनिवारी बघायला बंद असतात, तो वार टाळा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ऐंशी हजार माणसांची नावं हाताने लिहिलेली आहेत. वर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं. त्यानंतर लगेच खरेदीला जावंसं वाटत नाही. 1902 मध्ये सुरू झालेलं कॅफे लूव्ह्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे गरम चॉकलेट घेऊन बसा.

आणि अंधार पडला की नाटकघर. माझ्या मते हिवाळ्यात प्रागला जायचं ते यासाठीच. एस्टेट्स थिएटरमध्ये 1787 साली मोझार्टने स्वतः संचालन करून ‘डॉन जोव्हानी’ या आपल्या ऑपेराचा पहिला प्रयोग केला. आजही तिथे ऑपेरा होतात. म्युनिकच्या मानाने तिकिटं बेताची, लेकीकडून आधीच ऑनलाइन काढून घ्या. आत शिरताच कोट, टोपी, मफलर ‘शात्ना’त द्यायचे. काउंटरवरची बाई हातात नंबराचा बिल्ला ठेवते. कोटाखाली रेशमी साडी नेसून जा. तेवढ्यासाठी सूटकेसमध्ये एक साडी जास्त झाली तरी चालेल.

पैशांचं : तिथे युरो नाही, कोरुना. ‘झिरो कमिशन’च्या पाट्यांना भुलू नका, दर बघा. फसलात तर पावती घेऊन तीन तासांत परत जा, हजार युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे.

जेवणात ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाविना. तरी सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा, लसणाच्या सुपातही हॅम निघतं. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बटाट्याबरोबर सगळीकडे मिळतं. रोज खाववत नाही, म्हणून दशम्या आणि मेतकूट न्या. रस्त्यावर दांड्याला गुंडाळून भाजलेलं त्र्देलनिक ‘जुनी बोहेमियन मिठाई’ म्हणून विकतात. नावाजलेलं त्र्देलनिक खरं स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचं. पण गरम असतं आणि हातमोज्यांतूनही ऊब लागते, दोघांत एक घ्यायला हरकत नाही.