घरचे हजारो फोटो फोल्डर करून लावावेत की फोटो सॉफ्टवेअरमध्ये?

ठेवा फोल्डरमध्येच, शोधायला मात्र सॉफ्टवेअर वापरा. कोल्हापुरात लग्नं-जत्रांचे फोटो काढणं हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. फोल्डरचं नाव तारखेपासून सुरू करा, '२०२४-०४-२३ जोतिबा यात्रा' असं. वर्ष पुढं असलं की रांग आपोआप लागते. पण एकच फोटो यात्रा, सासनकाठी आणि आजोबा अशा तिन्हींत सापडायला हवा असेल तर फोल्डर हात टेकतो. (तीन कॉप्या करत बसू नका!) तिथं डिजिकॅमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टॅग (फोटोला चिकटवलेले शोधायचे शब्द) लावा, आणि टॅग फोटोच्या फाइलमध्येच लिहायचं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर ते त्याच्या डेटाबेसमध्येच अडकतात, सॉफ्टवेअर बदललं की गेले. एक मात्र पाळा: नंतर फोल्डर हलवायचा, नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरमधूनच. लाइटरूम क्लासिक या दुसऱ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये तर बाहेरून हलवलेल्या फोल्डरवर थेट प्रश्नचिन्ह येतं.