मूल आपल्या साक्षीसाठी नसतं

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडायची, इंदूरातच एखादं घर भाड्याने घ्यायचं, सात-आठ अनाथ मुलांपासून सुरुवात करायची, पुढचं प्रभू पाहील, असं तू लिहितेस. तुझं पाचारण खरं आहे याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच जे वाटतं ते स्पष्ट लिहिते.

आधी कायद्याचं. घर घेतलं आणि मुलं ठेवली, असं करता येत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. स्टेशनवर एकटं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन केला की पुढची वाट कळते. मूल कुठे राहणार हे समिती ठरवते, आपण नाही. याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे 'अनाथ' म्हणून येणाऱ्या पुष्कळ मुलांचं कुणीतरी असतंच. झाबुआ-अलीराजपूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबातलं पोर चुकामूक होऊन राहतं. बाप वारतो, आई दुसरं घर करते, गावाकडे आजी असते आणि ती थकलेली असते. त्या आजीला महिन्याचा आधार मिळाला तर ती नातवाला सांभाळेल. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. तिच्यासोबत कलेक्टर कचेरीत जाऊन बसणं, फॉर्म भरणं, बँकेत खातं उघडून देणं, ही पुरी सेवा आहे. या सेवेला उपासनेत कुणी टाळ्या वाजवणार नाही. बायबलातल्या एस्तेरचे आईबाप गेले तेव्हा तिला आश्रमात नव्हतं जावं लागलं; तिच्या चुलतभावाने, मर्दखयाने, तिला आपल्या घरी वाढवलं.

ज्यांचं खरोखरच कुणी उरलेलं नाही, त्यांच्याबद्दल आता सांगते.

नवं मूल पहिले काही दिवस फार शहाण्यासारखं वागतं. मग एके दिवशी ताट भिरकावतं, चावतं, घाणेरड्या शिव्या देतं. आपलं काही चुकलं असं तुला वाटेल. खरं म्हणजे त्याला आता तुझ्याजवळ थोडं सुरक्षित वाटू लागलेलं असतं आणि तूही टाकून जातेस का, हे ते बघत असतं. गादी ओली करणारी मुलं असतात, तीही मोठी, नऊ-दहा वर्षांची. चादर न बोलता बदलायची, इतर मुलांसमोर तर चकार शब्द काढायचा नाही. पोळ्या लपवणारी असतात. उशीखाली हात घातलास तर वाळलेली पोळी आणि मुंग्या निघतील. रागावू नकोस, त्याला चोर म्हणू नकोस. झाकणाचा एक डबा त्याच्या नावाचा कर, त्यात शेव, भाजलेले चणे, गुळाचा खडा ठेव, आणि रोज संध्याकाळी त्याच्या देखत भर. डबा रिकामा राहत नाही हे त्याला कित्येक दिवस पाहावं लागतं, तेव्हा कुठे उशीखालच्या पोळ्या थांबतात. उपाशी राहिलेल्या पोराला 'देव पुरवतो' हे वचन पाठ करून घेण्याआधी तो डबा हवा.

आणि रात्री कुणीतरी विचारेल, "दीदी, मम्मी कब आएगी?" तेव्हा 'आता मीच तुझी मम्मी' म्हणू नकोस. 'येशू आहे ना' असंही म्हणून त्याचं तोंड बंद करू नकोस. जे ठाऊक आहे ते सांग, ठाऊक नसेल तर तसं सांग, आणि झोप लागेपर्यंत शेजारी बस. अडुसष्टावं स्तोत्र देवाला पितृहीनांचा पिता म्हणतं. ते वचन त्या वेळी तुझ्यासाठी आहे, कारण खचायची पाळी तुझी असते.

माझं मुख्य म्हणणं आता सांगते. मुलाला आपल्या विश्वासाची साक्ष करू नकोस. नाताळात देणगीदार येतात, मुलं ओळीत उभी राहतात, गाणं म्हणतात, मग एखाद्याला 'तू कसा आलास ते सांग' म्हणतात. मला हे बघवत नाही. आपलं सगळ्यात मोठं दुःख ते मूल ब्लँकेटच्या बदल्यात परक्यांना दाखवत असतं. अशा मुलांचा फोटो आणि ओळख छापायला कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. मुलाचं नाव बदलू नकोस. त्याच्या घरी दिवाळी होत असेल तर त्याला पणती लावू दे. प्रार्थनेला बसायची सक्ती नको. मध्य प्रदेशात बळजबरीच्या किंवा आमिषाच्या धर्मांतराला बंदी घालणारा २०२१चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, त्याच्या भीतीने मी हे लिहीत नाही. प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा कुणाला अट घातली नव्हती. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, म्हणून नवांचं बरेपण काढून घेतलं नाही. तुझी मुलंही बहुतेक त्या नवांतली असतील.

जॉर्ज म्युलरांचं उदाहरण तू दिलंस. इंग्लंडात ब्रिस्टलला त्यांनी कुणापुढे हात न पसरता हजारो अनाथ वाढवले हे खरंच. पण ते दरवर्षी जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवत असत, तेही लक्षात ठेव. किराण्याची पावती जपणं हा अविश्वास नव्हे. आपल्या पंडिता रमाबाईंचं पाहा. दुष्काळाच्या दिवसांत स्वतःचे आईबाप गमावलेली ती बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात आली आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेली. तिथे त्यांना नुसतं जेवण आणि भजन नाही दिलं. विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं.

ते का, हे अठराव्या वर्षी कळतं. त्या वाढदिवसानंतर बालगृहाचं दार बंद होतं. एकविसाव्या वर्षापर्यंत पुढच्या आधाराची सोय कायद्यात आहे, राज्यात मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनाही आहे, पण कागद नसतील तर काहीच हाती येत नाही. म्हणून मूल चौदा वर्षांचं झालं की आधार, जन्मदाखला, बँकखातं, शाळेचे दाखले एका फाइलीत लावायला घे. आणि त्याला फोन करायला, सणाला यायला एक घर राहू दे, तेविसाव्या वर्षीसुद्धा.

स्वतःची रजा ठरवून घे, आठवड्याला एक दिवस. कधीच सुट्टी न घेणारी माणसं शेवटी मुलांवर हात उचलतात.

राजीनामा आत्ताच देऊ नकोस. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की महिनाभर इथे आमच्या बालगृहात ये. रात्रपाळी करू, समितीपुढे एखादं प्रकरण कसं चालतं ते पाहू, हिशेबाची वही मी तुझ्या हातात देईन. त्यानंतरही मन तिकडेच ओढत असेल, तर नोंदणीचे कागद आपण दोघी मिळून भरू.

तुझी,
मावशी