झीझी टॉप हा टेक्सासचा रॉक बँड पहिल्यापासून ऐकायचाय. 'क्रोम, स्मोक अँड बीबीक्यू' हा चार सीडींचा संच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की 'शार्प ड्रेस्ड मॅन' आणि 'लेग्ज' ही दोनच गाणी माहीत आहेत. सत्तरच्या दशकात हे लोक अस्सल ब्लूज वाजवायचे असं कुणीतरी सांगितलं, आणि आता जुन्या सीडी विकणाऱ्याकडे हा संच दिसलाय. तो घ्यावा, की एका सीडीतलं एखादं 'बेस्ट ऑफ' पुरेल?

सीडींवर ओरखडे नसतील तर घ्या. कारण मात्र त्यात ऐंशी गाणी आहेत हे नाही. कारण समजायला माझी एक फजिती सांगावी लागेल.

कॉलेजात असताना मित्राच्या थोरल्या भावाकडून एक कॅसेट मिळाली होती. १९७७ साली निघालेल्या 'द बेस्ट ऑफ झीझी टॉप' या एलपीवरून उतरवून घेतलेली. दहाच गाणी, पण कॅसेट इतकी वाजवली की शेवटी टेप फितीसारखी बाहेर लोंबायला लागली. पुढे नोकरी लागल्यावर, मामेभाऊ अमेरिकेहून येणार म्हटल्यावर, त्याच्याकडून 'सिक्स पॅक' मागवला. तीन सीडी, त्यात सहा जुने अल्बम. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून 'ला ग्रेंज' सुरू केलं आणि पोटात गोळा आला. गाणं तेच, आवाज तोच, गिटारही तीच. पण ड्रम असे वाजत होते जणू कुणी रिकाम्या गोदामात पत्रे आपटतंय. मला वाटलं, आपला अ‍ॅम्प्लिफायर गेला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला, पुसला, परत बंद केला, 'काही झालेलं नाही' म्हणाला आणि पैसे घेतले. मग मी हेडफोन बदलले. खरी भानगड सीडीतच आहे हे कळायला मला काही वर्षं लागली.

झालं होतं ते असं. १९८३ च्या 'एलिमिनेटर' या अल्बमने (तुमची दोन्ही गाणी त्यातलीच) या बँडचं नशीब पालटलं. सिंथेसायझर, ड्रम मशीन, घड्याळासारखा एकसुरी ठेका आणि एमटीव्हीवर १९३३ ची लाल फोर्ड कूपे. एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर प्रती खपल्या. लगेच १९८५ ला 'आफ्टरबर्नर' आला, तोही त्याच साच्यातला. आता जुने अल्बम सीडीवर आणायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की 'लेग्ज' ऐकून आलेल्या पोरांना १९७३ चा तो कोरडा, साधा आवाज कसा पचणार? उपाय म्हणून १९८७ च्या 'सिक्स पॅक'साठी जुनी गाणी नव्याने मिक्स केली आणि ड्रमवर ऐंशीच्या दशकातला डिजिटल घुमारा चढवला.

आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या 'झंकार बीट्स'वाल्या कॅसेट मिळायच्या, आठवतात? चांगल्या गाण्यावर उगाच ढिशुम-ढिशुम? तोच प्रकार. फरक इतकाच की झंकारवाले निदान वेष्टनावर मोठ्या अक्षरांत तसं छापत तरी होते.

इथे दोन शब्दांचा घोळ होतो तो सोडवतो. रीमास्टर म्हणजे तयार कपड्याला पुन्हा इस्त्री करणं. रीमिक्स म्हणजे शिवण उसवून तोच कपडा परत शिवणं. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक वाद्य टेपवर वेगवेगळ्या ट्रॅकवर असतं. ते किती मोठं, कुठल्या बाजूला, किती घुमवून ठेवायचं हे ठरलं की मिक्स झालं. 'सिक्स पॅक'मध्ये शिवण उसवली गेली होती. आणि त्यानंतर बरीच वर्षं त्या अल्बमच्या सुट्या सीडीसुद्धा याच मिक्सच्या विकल्या गेल्या. म्हणजे एक अख्खी पिढी तेच मूळ समजून ऐकत होती.

२००३ च्या तुमच्या या संचाचं मोल इथे आहे. सुरुवातीच्या अल्बममधली गाणी त्यात मूळ मिक्समध्ये परत आली.

आता संचात काय काय आहे. सुरुवात झीझी टॉपचा गायक-गिटारवादक बिली गिबन्स याच्या आधीच्या बँडपासून, 'मूव्हिंग साइडवॉक्स'पासून होते. ह्यूस्टनमधली पोरं, सायकेडेलिक बाज, १९६८ मध्ये प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या आधी स्टेजवर वाजवलेली. ही गाणी एकदा ऐका आणि पुढे चला. १९६९ मध्ये झीझी टॉप सुरू झाला आणि लवकरच डॅलसकडून डस्टी हिल (बास) आणि फ्रँक बिअर्ड (ड्रम) येऊन मिळाले. तिघांत ज्याचं आडनाव बिअर्ड, म्हणजे 'दाढी', त्यालाच लांब दाढी नाही, हा विनोद जगभर करून झालाय, मी परत करत नाही. हेच तिघं २०२१ मध्ये डस्टी हिल जाईपर्यंत टिकले. पन्नास वर्षं, एकही माणूस न बदलता. रॉकमध्ये असं उदाहरण शोधून सापडत नाही.

खरा माल आहे 'त्रेस ओंब्रेस' (१९७३) आणि 'फॅन्डँगो' (१९७५) या दोन अल्बमांतला. नावं स्पॅनिश, कारण हा टेक्सास म्हणजे मेक्सिकोच्या उंबरठ्यावरचा टेक्सास. 'त्रेस ओंब्रेस'च्या एलपीचं पाकीट उघडलं की आत मेक्सिकन जेवणाचं भरगच्च ताट दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भूकच लागली होती.

'ला ग्रेंज' हे टेक्सासमधल्या ला ग्रेंज गावाबाहेरच्या एका कुंटणखान्यावरचं गाणं. त्याला 'चिकन रँच' म्हणत. गाणं आलं त्याच वर्षी ह्यूस्टनच्या एका टीव्ही वार्ताहराने प्रकरण लावून धरलं आणि तो बंद पडला. गाण्याचा ठेका थेट जुना ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या घराण्यातला. इतका थेट की त्याच्या 'बूगी चिलन' या गाण्याच्या हक्कदारांनी नव्वदच्या दशकात खटला भरला. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की जुनी रेकॉर्ड विकली तेव्हाच गाणं 'प्रकाशित' झालं, आणि हक्क वेळेत न राखल्यामुळे ते सार्वजनिक झालं. साऱ्या संगीत उद्योगाचे धाबे दणाणले, कारण हा नियम लावला तर कितीतरी जुन्या गाण्यांचे हक्क हवेत जाणार होते. शेवटी १९९७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायद्यातच दुरुस्ती केली. गिटारवर परत परत वाजणाऱ्या एका तीन सुरांच्या तुकड्यापायी!

'हर्ड इट ऑन द एक्स' ऐकताना हे माहीत असू द्या की 'एक्स' म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरची रेडिओ केंद्रं, ज्यांची नावं एक्स अक्षराने सुरू व्हायची. अमेरिकेत मध्यम लहरींच्या केंद्राला ५० हजार वॉटची मर्यादा, तर नदीपलीकडच्या 'एक्सईआरएफ'ची ताकद अडीच लाख वॉट. रात्री टेक्सासातली गोरी पोरं उशीखाली ट्रान्झिस्टर घेऊन काळ्या कलाकारांचे ब्लूज ऐकायची, ते या केंद्रांवरून. आकाशवाणीने सिनेसंगीताला दार बंद केल्यावर आपल्याकडे घराघरात रेडिओ सिलोन लागायचा, त्याची ही सख्खी भावंडं.

'टश' हे डस्टी हिलने गायलंय. सव्वादोन मिनिटांचं गाणं. सांगायचंच झालं तर त्यात काही नाही, आणि सगळं आहे. पण मला विचाराल तर 'ब्लू जीन ब्लूज'. संथ, रात्रीचं गाणं. गिबन्स दोन सुरांच्या मधे इतका वेळ थांबतो की गाणं संपलं असं वाटावं. घुमारा चढवल्यावर सगळ्यात मोठं नुकसान होतं ते अशाच गाण्याचं, कारण थांबलेली जागा भरून जाते. गाणं ऐकणाऱ्याला विश्रांतीची किंमत वेगळी सांगायला नको.

एक पथ्य पाळा: 'वेटिन फॉर द बस' आणि 'जीझस जस्ट लेफ्ट शिकागो' ही दोन गाणी सलग ऐका, मोबाइलवर शफल लावून नको. पहिलं संपता संपता दुसरं असं सुरू होतं की मधे श्वास घ्यायला जागा नाही. टेप कापताना चुकून जास्त कापली गेली आणि तसंच ठेवलं, अशी गोष्ट सांगतात. चूक असेल तर देवाने सगळ्यांना अशा चुका द्याव्यात.

१९७६ च्या 'तेहास'नंतर आणि स्टेजवर जिवंत गिधाडं, म्हैसवर्गीय बायसन, लांब शिंगांचे बैल घेऊन केलेल्या त्या अचाट दौऱ्यानंतर बँड थकून सुट्टीवर गेला. परतले ते १९७९ मध्ये 'देग्वेयो' घेऊन. हे नाव म्हणजे 'कुणालाही सोडू नका' असं सांगणारी बिगुलाची धून, १८३६ मध्ये टेक्सासमधल्या अलामो गढीच्या वेढ्यात मेक्सिकन फौजेने वाजवलेली. 'चीप सनग्लासेस' याच अल्बममधलं. जुन्या आणि नव्या झीझी टॉपमधला पूल म्हणाल तर हा अल्बम, आणि 'सिक्स पॅक'मध्ये नेमका तो नाही, म्हणून त्या तावडीतून वाचला.

संचाची उणी बाजूही आहे. तो १९९० च्या 'रीसायकलर'च्या आसपास थांबतो. पुढे बँडने कंपनी बदलली, ती वर्षं यात नाहीत, आणि निर्माता रिक रुबिनबरोबरचा २०१२ चा 'ला फुतुरा' तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. सगळी कारकीर्द एका डब्यात हवी असेल तर २०१९ चा 'गोइन फिफ्टी' आहे, तीन सीडी, पन्नास गाणी. पण त्यात सत्तरच्या दशकाला जागा कमी मिळते, आणि तुम्हाला तर तेच हवंय. शिवाय तुमच्या संचातल्या शेवटच्या भागात ऐंशीच्या गाण्यांची नाचाची लांबलचक रूपं आहेत. ती मी सरळ ओलांडतो.

खिसा हलका असेल तर १९७७ चं ते दहा गाण्यांचं 'बेस्ट ऑफ' एलपीवर शोधा. रीमिक्सच्या दहा वर्षं आधीचं असल्यामुळे त्यात भेसळ असण्याचा प्रश्नच नाही. सुटे अल्बमच घ्यायचे तर 'त्रेस ओंब्रेस' आणि 'फॅन्डँगो'च्या २००६ नंतरच्या सीडी घ्या, त्या मूळ मिक्सच्या आहेत. बाकीच्यांसाठी २०१३ चा दहा सीडींचा संपूर्ण संच आहे.

दुकानात सुटी सीडी लावून बघू देत असतील तर 'ला ग्रेंज' लावा. सुरुवातीला ड्रमच्या कडेवर काठीची टकटक, बारीक गिटार, गिबन्सचं घशातल्या घशात पुटपुटणं. मग ड्रम कोसळतात आणि सगळे सुटतात. तिथे कान द्या. फटका पडून तिथल्या तिथे विझला, शेजारच्या खोलीत कुणी वाजवतंय असं वाटलं, तर पैसे काढा. फटक्यामागून शेपूट लांबत गेलं तर सीडी परत ठेवा, आणि घरी जाऊन अ‍ॅम्प्लिफायर उघडायला देऊ नका.