बारा स्पीकर असूनही आवाज घुसमटलेला का?

वरच्या श्रेणीच्या गाड्यांमध्ये आता कारखान्यातूनच भारी ध्वनिसंच बसवून मिळू लागल्यामुळे या सदराकडे त्याविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या शंकांचा बराचसा भाग त्यातच आला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी बारा स्पीकर, सबवूफर (अगदी खालच्या पट्टीचा मोठा स्पीकर) आणि स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असलेली गाडी घेतली. शोरूममध्ये ऐकताना अंगावर काटा आला होता. घरी आल्यावर माझ्या मोबाइलमधील भजने आणि नाट्यपदे लावली, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. येथील एका दुकानदाराने चारही दारांचे स्पीकर बदलण्याचा सल्ला दिला आहे. खर्च करावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : करू नये, निदान आता तरी नाही. अशा संचातील अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक संगणकीय चिप असते आणि कोणत्या स्पीकरला कोणत्या पट्टीचा आवाज किती पाठवायचा, याचे तिचे गणित त्याच गाडीच्या त्याच स्पीकरसाठी बसवलेले असते. काही संचांतील स्पीकरचा विद्युतरोध नेहमीच्या ४ ओहमऐवजी २ ओहम असतो. तेथे बाजारातला महागडा स्पीकर बसवला, तरी ते गणित बिघडते आणि आवाज पूर्वीपेक्षा पातळ येतो. शिवाय वायर कापल्यास वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच.

आपल्या पत्रातील एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले. शोरूममध्ये आवाज चांगला होता आणि आपल्या मोबाइलवरून तो बिघडला, असे आपण लिहिता. याचा अर्थ स्पीकर तेच आहेत, बदलले आहे ते त्यांना मिळणारे खाद्य. सीडीवर ध्वनी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जाने साठवलेला असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. तेच गाणे १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइलमध्ये कोंबले की माहितीचा अकरावा हिस्साच उरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून या गटातून त्या गटात फिरत आलेली भजने बहुधा याच जातीची असतात, आणि त्यांतील काही तर कोणीतरी चित्रफितीतून आवाज काढून पुन्हा दाबलेली असतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर हा फरक कळत नाही. बारा स्पीकरांचा संच मात्र चाळणीसारखा वागतो आणि धान्याबरोबर खडेही दाखवतो. अशी एमपी३ फाइल एफएलएसी या, माहिती न गमावता साठवणाऱ्या प्रकारात बदलून घेतल्याने काही साधत नाही, कारण एकदा फेकलेली माहिती परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

दुसरी गळती ब्लूटूथमध्ये होते. ब्लूटूथवरून संगीत पाठवताना ते पुन्हा एकदा दाबले जाते आणि कोणत्या पद्धतीने दाबायचे, हे मोबाइल आणि गाडी आपसांत ठरवतात. एसबीसी ही पद्धत प्रत्येक उपकरणात असावीच लागते, म्हणून दोघांचे दुसऱ्या कशावर जुळले नाही तर ते तिच्यावर येऊन थांबतात. आयफोन एएसी वापरू शकतो. एलडीएसी ही पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण मोबाइल आणि गाडी या दोहोंत ती असेल तरच. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की, मोबाइल चांगल्या यूएसबी केबलने जोडावा आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (मोबाइलमधील अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर चालवण्याची सोय) वापरावे. गाडीत ते बिनतारी चालत असेल, तरी हरकत नाही, कारण तेथे संगीत वाय-फायवरून जाते आणि ब्लूटूथचा उपयोग मुख्यतः जोडणी जुळवण्यापुरता असतो. केबल लावण्यापूर्वी एवढे पाहावे की, काही गाड्यांत दोन यूएसबी खाचांपैकी एक फक्त चार्जिंगची असते.

गाण्यांचे अ‍ॅप वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरचा दर्जा आणि डाउनलोडचा दर्जा असे दोन वेगळे पर्याय असतात. डेटा वाचवण्याचा पर्याय बंद करून दोन्ही वरच्या पायरीवर न्यावेत आणि नेहमीची गाणी घरच्या वाय-फायवर डाउनलोड करून ठेवावीत. गावाबाहेर पडल्यावर रेंज कमी-जास्त होते, तेव्हा ‘आपोआप’ या पर्यायावर ठेवलेले अ‍ॅप गुपचूप खालच्या दर्जावर उतरते आणि आपण मात्र स्पीकरला दोष देत राहतो.

एवढे झाल्यावर इक्वलायझरकडे, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करण्याच्या सोयीकडे वळावे. बेस (खालची पट्टी), मिड (मधली) आणि ट्रेबल (वरची) हे तिन्ही शून्यावर आणावेत, सराउंडचे सगळे खेळ बंद करावेत आणि एक आठवडा तसेच ऐकावे. कान बसायला तेवढा वेळ लागतो. नंतर बदल करायचाच झाला, तर वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे कल ठेवावा. याचे कारण साध्या गणितात आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट शक्ती लागते आणि ६ डेसिबलला चौपट. आधीच मोठ्या आवाजात गाणे चालू असताना बेस सहा घरे वर नेला की अ‍ॅम्प्लिफायर तेवढी शक्ती आणणार कोठून? मग लाटेचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि तो फार वेळ फाटत राहिला, तर ट्वीटरची, म्हणजे वरच्या पट्टीच्या लहान स्पीकरची, नाजूक कॉइल (आतील तारेचे वेटोळे) जळते. आवाज भरीव हवा असेल आणि गायकाचे शब्द बेसखाली दबत असतील, तर बेस एक-दोन घरे खाली घेतल्यावर शब्द आपोआप मोकळे होतात.

आता बसण्याच्या जागेविषयी लिहितो. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, पण माझ्या मते ऐकण्यातला सर्वांत मोठा फरक येथेच पडतो. घरी आपण दोन स्पीकरांच्या मधोमध बसतो. गाडीत चालक उजव्या दाराला चिकटून बसलेला असतो. उजवा ट्वीटर कानापासून समजा ९० सेंटिमीटरवर असेल, तर डावा सुमारे १५० सेंटिमीटरवर असतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून हे ६० सेंटिमीटरचे अंतर कापायला त्याला पावणेदोन मिलिसेकंद जास्त लागतात. एवढ्या क्षुल्लक उशिराने काय होणार, असे वाटेल. पण मेंदू जो आवाज आधी पोहोचतो तिकडेच त्याचा उगम मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात या विषयाचा अभ्यास मांडला आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम आजही ओळखला जातो. त्यामुळे समोर उभा राहून गाणारा गायक चालकाला उजव्या आरशात कोंबल्यासारखा ऐकू येतो.

आपल्या संचात ‘चालक’, ‘पुढील आसने’, ‘सर्व’ असे पर्याय असतील, तर एकटे असताना ‘चालक’ हा पर्याय निवडावा. त्यात जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडला जातो. तसा पर्याय नसेल, तर बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचा तोल) दोन घरे डावीकडे आणि फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) दोन-तीन घरे पुढे सरकवावा. हा उपाय तितका अचूक नाही, पण उपयोगी आहे.

पारख करताना अनोळखी विदेशी गाण्यांच्या नादी लागू नये. ज्या वाद्याचा खरा आवाज आपल्या कानांनी जवळून ऐकला आहे, तेच लावावे. आपण भजने ऐकता, म्हणजे पखवाज आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक लावलेली असते आणि त्यामुळे थाप पडल्यावर जो खोल घुमारा निघतो, त्याला सुरुवातही असते आणि शेवटही. संच नीट लागला असेल, तर प्रत्येक थाप सुटी ऐकू येते. बेस वाजवीपेक्षा जास्त असेल, तर थापा एकमेकींत विरघळून नुसता हुंकार उरतो. टाळांसाठीही हीच कसोटी लावावी. टाळ काचेसारखे टोचू लागले, तर ट्रेबल एक घर कमी करावा. गोंधळाचे ध्वनिमुद्रण हाताशी असेल, तर संबळाच्या लहान आणि मोठ्या अशा दोन्ही तोंडांचे बोल वेगळे कळतात का, हेही पाहावे. एवढ्या पायऱ्यांनंतरही आवाज घुसमटलेलाच वाटला, तर मात्र कंपनीच्या सेवा केंद्रात एकेक स्पीकर वेगळा वाजवून पाहण्याचा आग्रह धरावा. एखादा ट्वीटर मुळातच बंद असल्याचे अशा वेळी उघड होते.

प्रश्न : कामानिमित्त मी आठवड्यातून तीन वेळा जालन्याहून समृद्धी महामार्गाने प्रवास करते. शहरात उत्तम वाजणारी सिस्टीम महामार्गावर बेसच गमावते. दोष सबवूफरचा असेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : दोष सबवूफरचा नाही. हा महामार्ग काँक्रीटचा आहे आणि अशा पृष्ठभागावर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा बहुधा जास्त येतो. टायर आणि वारा यांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली असल्यामुळे ती प्रथम संगीतातला बेसच झाकते. म्हणून बेस वाढवून ठेवू नये, नाहीतर शहरात उतरल्यावर तोच डोके उठवतो. संचात वेगानुसार आवाज वाढवण्याची सोय असेल, तर ती मधल्या पायरीवर चालू करावी. टायरमधील हवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, आणि टायर थंड असताना भरावी. एसीचा पंखाही तपासून पाहावा. चौथ्या घरावरचा पंखा दुसऱ्या घरावर आणला की गायकाच्या श्वासापर्यंतचे बारकावे परत येतात. वेग १२० वरून १०० वर आणल्यानेही फरक पडतो, पण तो सल्ला आपल्याला इतरही अनेकांनी दिला असेल.

तरीही आवाज वाढवावासा वाटला, तर एक हिशेब लक्षात असू द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, ९० डेसिबलचा मात्र केवळ ४ तास. आपले तीन प्रवास त्यात सहज बसतात किंवा सहज बसत नाहीत, ते आवाजाच्या बटणावर अवलंबून आहे.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गाडी काढली की अर्ध्या तासात आवाज मंद होतो, कधी पूर्ण बंदच पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. मेकॅनिकला काही सापडत नाही.
— एक वाचक, परभणी

उत्तर : पारा ४३-४४ अंशांवर असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान त्याहून कितीतरी वर जाते, हे परभणीकरांना वेगळे सांगायला नको. अ‍ॅम्प्लिफायर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद होतो आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणून मेकॅनिकपर्यंत पोहोचेतो सगळे ठीक झालेले असते. आपला अ‍ॅम्प्लिफायर आसनाखाली असेल, तर त्याच्याभोवती टॉवेल, पिशव्या किंवा जाड मॅट कोंबलेली नाही ना, ते पाहावे आणि त्याच्या पन्हाळ्यांतली धूळ कोरड्या ब्रशने काढावी. आवाज मंद होण्याचे कारण स्पीकरमध्येही असू शकते. कॉइलमधील तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली, तर रोध ४० टक्के वाढतो, आवाज उतरतो, ऐकणारा बटण आणखी फिरवतो आणि कॉइल आणखी तापते. निघताना काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा बाहेर घालवावी, एसी लावावा आणि पहिली दहा मिनिटे हळू आवाजात ऐकावे.

प्रश्न : दाराला डँपिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारा चिकट थर) लावून घेतले, तरी ठरावीक सुरांवर कुठेतरी किर्र आवाज येतो. शीटमुळे खरेच फायदा होतो का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होतो, पण काम नीट झाले असेल तरच. दार हे स्पीकरचे खोके आहे. त्याच्या आतील पत्र्याला मोठी भोके असतात, त्यांतून स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस जातो. शीटने ती भोके बुजवली की बेस आवळला जातो. दाराच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची छिद्रे मात्र मोकळीच राहिली पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा गंजेल. ती आजच बोट लावून तपासावीत.

किर्र आवाज शोधण्यासाठी गाडी बंद जागी उभी करावी आणि २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर वाजवावा. अशा फाइल सहज मिळतात. एकाने आवाज सांभाळावा आणि दुसऱ्याने तळहाताने दाराचे पॅनेल, नंबर प्लेट, डिक्कीचे झाकण एकेक करून दाबत जावे. कुठे हात ठेवल्यावर किर्र थांबते, ते कळले की काम संपले. बाटलीच्या खणातली चिल्लर आणि चष्म्याचा डबा हे त्यातले नेहमीचे अपराधी असतात. माझ्या स्वतःच्या गाडीत असा आवाज तीन आठवडे छळत होता. दोन वेळा दार उघडून झाले, एक क्लिप मोडली. शेवटी सुमारे ८० हर्ट्झचा सूर चालू असताना पत्नीने सहज हात वर केला आणि आवाज थांबला. तुळजापूरहून आणलेली कवड्यांची माळ आरशाला टांगलेली होती आणि तिची शेवटची कवडी काचेवर थरथरत होती. माळ गाडीतच आहे, आता ती डॅशबोर्डच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवतो.