लेप ‘शिथिल’ होतो की ‘खचतो’?

प्रश्न असा: चष्म्याच्या प्लास्टिक भिंगावर चढवतात त्या संकरित पॉलिमर लेपाच्या चाचणीचा अहवाल मराठीत आणायचा आहे. त्यात ‘क्रीप’ आणि ‘रिलॅक्सेशन’ दोन्हींना ‘शिथिलता’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दोन्हींत हिऱ्याचं टोक लेपात रुतवतात, पण पुढचा प्रकार अगदी उलटा. क्रीपमध्ये भार तोच ठेवून टोक आणखी किती आत जातं ते बघतात. रिलॅक्सेशनमध्ये टोक आहे तिथेच धरून ठेवतात आणि त्यासाठी लागणारं बल कसं घटत जातं ते मोजतात. एकच शब्द लावलात तर वाचणाऱ्याला आलेखाचा उभा अक्ष खोलीचा की बलाचा, हेच कळणार नाही.

पहिल्याला सरळ ‘खचणे’ म्हणा. ओझं वाढलेलं नसतं, तरी पाया खचत जातो; अर्थ नेमका तोच. दुसऱ्याला ‘ओसरणे’. पूर ओसरतो, ताप ओसरतो, तसं बल ओसरतं. ‘शिथिल’मध्ये कुणीतरी मुद्दाम सैल केल्याची छटा आहे (निर्बंध शिथिल करतात), म्हणून तो मला इथे खटकतो.

हा लेप का खचतो, तर त्याच्या घडणीमुळे. सिलिकाचं ताठर जाळं आणि त्याला रासायनिक बंधांनी जोडलेल्या सेंद्रिय साखळ्या, असा तो संकर असतो. दाबाखाली साखळ्या हळूहळू सरकतात, जाळं त्यांना आवरतं. म्हणून सुरुवातीला खचणं झपाट्याने होतं, मग मंदावतं. जाळ्याचं प्रमाण वाढवलं की लेप सहसा कमी खचतो, पण ठिसूळही होतो.

यातून एक गंमत होते. कमाल भाराला पोचल्या पोचल्या भार काढायला लागलात, तर भार उतरत असतानाही टोक थोडं आतच जात राहतं आणि भार-खोलीच्या आलेखाला नाकासारखा फुगवटा येतो. १९९२ची ऑलिव्हर-फार पद्धत ताठरता काढते ती भार उतरतानाच्या याच वक्राच्या चढावरून. त्यामुळे आकडा फुगतो, कधी चढ ऋणही निघतो. म्हणून आधी भार काही काळ तसाच धरतात. तुमच्या अहवालातला ‘होल्ड’ तो हाच. ‘थांबा’ न लिहिता ‘भार धरण्याचा काळ’ लिहा.

‘इंडेंटेशन’ला कुणीतरी ‘पोचा’ सुचवला आहे. शब्द अस्सल, पण पितळी भांड्याला आलेला पोचा आपोआप भरून येत नाही. या लेपातला खळगा भार काढल्यावर बराचसा भरतो, काही भाग लगेच, काही सावकाश. तेव्हा क्रियेला ‘टोक रुतवणे’ आणि उरतो त्याला ‘ठसा’.

राहिलं ‘टाइम-डिपेंडंट’. ‘कालसापेक्ष’ने आइन्स्टाइन आठवतो, ‘कालावलंबी’ बरा.