सिबिलात नाव लागलंय, आता पुढे काय?

चवथीची खरेदी आटोपली की कर्जाचे अर्ज वाढतात आणि त्यापाठोपाठ 'सिबिलमुळे नाकारलं' अशी पत्रंही. यावेळच्या पत्रांतली काही इथं घेतो. त्याआधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. सिबिल हे आपल्याकडच्या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी एकीचं नाव. बाकीच्या तीन म्हणजे एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. या कंपन्या स्वतःच्या मनाने तुमच्याविषयी काही लिहीत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या जे पाठवतात तेच तिथं उमटतं. म्हणून ३०० ते ९००मधला तो आकडा, म्हणजे स्कोर, बघून हाय खाण्याआधी रिपोर्ट उघडा, कुठल्या ओळीने घात केला ते शोधा आणि ती ओळ कोणी पाठवली ते बघा. भांडण तिथं आहे.

फोंड्याहून एक शिक्षक विचारतात: मी आयुष्यात दुचाकीचं कर्ज घेतलं नाही. तरी माझ्या रिपोर्टात ते दिसतं, तेही थकलेलं. गावात माझ्याच नावाचा, वडिलांचंही नाव तेच असलेला एक भाऊबंद आहे. हे त्याचं तर नसेल?

असण्याची शक्यता चांगलीच आहे. आपल्याकडे एकेका वाड्यावर एकच आडनाव, आजोबांचं नाव नातवाला, आणि पत्ता म्हणजे वाडा, गाव आणि तालुका. त्यात स्पेलिंगची गंमत वेगळी. नायक, कामत, गावकर, देसाई यांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं जुन्या जन्मदाखल्यावर एक, पॅनवर दुसरी, आधारवर तिसरी. नाव, जन्मतारीख, पॅन, फोन आणि पत्ता जुळवून रिपोर्ट तयार होतो. या जुळवाजुळवीत दोन माणसं एक होऊन जातात.

आधी रिपोर्टाचं पहिलं पान वाचा, जे कोणी वाचत नाही. तिथं तुमचा नसलेला पॅन, जन्मतारीख किंवा फोन नंबर दिसला, तर दोघांच्या फायली मिसळल्या आहेत आणि चूक बहुधा रिपोर्टवाल्या कंपनीकडे आहे. ओळख तुमचीच आणि फक्त ते एक कर्ज परकं असेल, तर कर्ज देणाऱ्याने नोंद करताना गोंधळ घातला असणार. दोन्ही वेळा तक्रार एकाच रस्त्याने जाते. रिपोर्टवाल्या कंपनीच्या वेबसाइटवर डिस्प्यूटचा, म्हणजे हरकतीचा, फॉर्म असतो, त्यात रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घालून 'हे खातं माझं नाही' असं नोंदवायचं. पैसे लागत नाहीत. कंपनी ते कर्ज देणाऱ्याकडे पाठवते, कारण त्याच्या होकाराशिवाय तिला नोंद बदलता येत नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा. पॅनची प्रत जोडा आणि कर्जाचा अर्ज, त्यावरची सही आणि फोटो दाखवा म्हणून मागणी करा. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं या मागणीवरच मिटतात, कारण फाइल काढली की फोटोतला माणूस दुसराच निघतो.

मुदतही ठरलेली आहे. २००५च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यात कलम २१ दुरुस्तीचा हक्क देतं आणि त्यासाठी ३० दिवस ठेवतं. त्यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये आदेश काढला, तो २६ एप्रिल २०२४पासून लागू आहे. तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. कर्ज देणाऱ्या बँकेने रिपोर्टवाल्या कंपनीकडे दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवायची असते. ही मुदत चुकली तर भुर्दंड बँकेला, बँकेने वेळेत पाठवूनही कंपनी बसून राहिली तर कंपनीला. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवावं लागतं. 'सिस्टीममध्ये तसंच दिसतं' हे कारण नव्हे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२पासून या चारही कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी फोन १४४४८.

उरलेल्या तीन कंपन्यांचे रिपोर्टही बघून घ्या, चूक एकीकडे असेल तर दुसरीकडेही असते. आणि फाइल काढल्यावर फोटो भाऊबंदाचा नव्हे, तुमचाच निघाला, कागद तुमचे आणि सही खोटी, तर ही फसवणूक आहे. मग १९३० या क्रमांकावर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत डिस्प्यूटला जोडायची. भाऊबंद भेटला तर त्यालाही सांगा. त्याच्या रिपोर्टात तुमचं काहीतरी असेल.

म्हापशाहून एक गृहिणी: दोन वर्षांपूर्वी चवथीला शून्य टक्क्यावर फ्रिज घेतला. शेवटचा हप्ता बाउन्स झाला, तो मी नंतर भरला. आता रिपोर्टात काही शे रुपये थकबाकी दिसते. एवढ्याशा पैशांसाठी सोनं तारण ठेवायची वेळ आली, कारण पर्सनल लोन मिळेना.

हप्ता भरलात, पण बाउन्सचा दंड आणि त्यावरचा जीएसटी खात्यावर राहिला असणार. फायनान्स कंपनीच्या दृष्टीने खातं चालूच आहे आणि महिन्यागणिक थकण्याचे दिवस मोजले जातायत. बँकेचं सॉफ्टवेअर रुपये कमी की जास्त हे बघण्याआधी किती दिवस थकलंय ते बघतं. म्हणून पाचशे रुपयेसुद्धा पाच लाखांसारखेच नडतात.

कंपनीकडून खात्याचा उतारा मागवा. दंड खरा असेल तर तत्त्वासाठी भांडत बसू नका. भरून टाका, पण कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा खात्यावर. वसुलीला येणाऱ्या पोराच्या हातात रोख देऊ नका. भरल्यावर नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र घ्या. १ जानेवारी २०२५पासून कर्ज देणाऱ्यांना निदान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे खातं बंद झाल्याचं महिन्याभरात दिसायला हवं. दिसलं नाही तर ते पत्र जोडून डिस्प्यूट. दंडाविषयी तुम्हाला एकदाही कळवलेलं नसेल, तर मधल्या महिन्यांच्या थकीत नोंदी काढा असंही लिहून मागा. देतीलच असं नाही, पण मागायला काय जातं?

सावर्ड्याहून एक माजी ट्रकमालक: २०१०मध्ये कर्जावर ट्रक घेतला. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला. पुढे बँकेशी एकरकमी तडजोड केली. आता मुलाच्या शिक्षणासाठी सहकर्जदार व्हायचंय तर बँक म्हणते 'सेटल्ड' दिसतंय. सात वर्षांनी हे आपोआप पुसलं जातं ना?

ही सात वर्षांची समजूत खाणपट्ट्यात जितकी पक्की आहे तितकी दुसरीकडे मला आढळली नाही. कायद्याने या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवायला सांगितलंय. सात वर्षं झाली की पुसा, असं त्यात नाही. जुनं खातं कधी गळून पडतं, कधी राहतं.

दुसरं, जरा कडू. तुमची नोंद खरी आहे. डिस्प्यूट चुकीसाठी असतो, अडचणीसाठी नाही. सप्टेंबर २०१२च्या बंदीत तुमचा दोष नव्हता, हे सावर्डे, कुडचडे, डिचोली, साखळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण रिपोर्टात कारण लिहायला रकाना नाही.

तरीही ओळ बारकाईने तपासा, कारण अशा जुन्या खात्यांत चुका भरपूर असतात. तडजोड होऊनही 'राइट ऑफ' असंच राहिलंय का? तसं असेल तर ती चूक आहे. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबापुरतं कर्ज बुडीत धरलं, तुम्हाला माफ केलेलं नाही. त्यामुळे पुढची बँक ते 'सेटल्ड'पेक्षा वाईट मानते. शिल्लक आणि थकबाकी दोन्ही शून्य आहेत का? बँकेने दावा लावला असेल आणि तडजोडीत तो मागे घेतला असेल, तर 'सूट फाइल्ड' अजून लटकतंय का? तडजोडीचं पत्र आणि पैसे भरल्याची पावती जोडून या गोष्टी दुरुस्त करून घेता येतात. पत्र हरवलं असेल तर शाखेत अर्ज करा. शाखा दुसरीत विलीन झाली असली तरी खात्याचे कागद कुठेतरी असतात.

'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करायचा मार्ग एकच: तडजोडीत बँकेने जी रक्कम सोडली ती भरायची तयारी दाखवायची, बँक कबूल झाली तर भरायची आणि नोंद बदलेल हे आधी लेखी घ्यायचं. तुम्हाला हे करा असं मी सांगणार नाही. लहान रक्कम असती तर सांगितलं असतं. ट्रकच्या कर्जात सोडलेला आकडा मोठा असतो, आणि ते पैसे मुलाच्या फीसाठी अधिक कामाचे. त्यापेक्षा तडजोडीचं पत्र, ट्रकच्या नोंदणीचे कागद आणि त्यानंतर वेळेवर फेडलेल्या कुठल्याही कर्जाचा उतारा घेऊन शाखाधिकाऱ्याला भेटा. खाणपट्ट्यातल्या शाखेत भेटलात तर अधिक बरं, तिथल्या माणसाला २०१२ समजावून सांगावं लागत नाही. पत्नीचा रिपोर्ट स्वच्छ असेल आणि तिला उत्पन्न असेल, तर सहकर्जदार तिला करा.

पेडण्याहून एक परिचारिका: गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. मग नवऱ्याचं थकलेलं धंद्याचं कर्ज माझ्या सिबिलला लागतं का?

नाही. रिपोर्ट पॅनवर, माणसागणिक असतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्याकडे मालमत्ता दोघांची सामायिक धरतात. पण त्याने रिपोर्ट सामायिक होत नाहीत. लागू शकते ती तुमची सही. घर किंवा जमीन तारण असली की बँका दोघांच्या सह्या घेतात, आणि त्या गठ्ठ्यात आपण तारणाला संमती दिली, सहकर्जदार झालो की जामीन राहिलो, हे बघायला कोणी थांबत नाही. रिपोर्टात त्या खात्यासमोर 'ओनरशिप' बघा. जॉइंट किंवा गॅरंटर असेल तर थकबाकी तुमचीही. करार कायद्याच्या कलम १२८प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, 'मी फक्त सही केली' ही सबब चालत नाही. फक्त संमती दिली असूनही गॅरंटर दाखवलं असेल, तर कर्जाच्या कागदांची प्रत मागून डिस्प्यूट करा.

एक मात्र आहे. तुमचा रिपोर्ट स्वच्छ असला तरी घर तारण ठेवायचं म्हटलं की बँक नवऱ्याची सही मागेल आणि मग त्याचा रिपोर्टही उघडेल. तुम्हाला तारणाशिवायचं कर्ज पगारावर सोपं जाईल. उद्या बँकेने वसुलीसाठी घराकडे मोर्चा वळवला, तर तुमच्या निम्म्याचं काय, हा प्रश्न सिबिलचा नाही. त्याला वकील गाठा.

बोटीवर नोकरी करणारा वास्कोचा तरुण: समुद्रात असताना इथल्या सिमवर ओटीपी येत नाही, कार्डाचं बिल दोन वेळा राहिलं. व्याजासकट सगळं भरलं. रिपोर्टातले ०३० कधी जातील?

०३० म्हणजे त्या महिन्यात बिल ३० दिवस थकलेलं होतं. ते खरं असल्यामुळे डिस्प्यूटने जाणार नाही. सिबिलच्या रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांचा हा तक्ता असतो, त्यातून ते यथावकाश बाहेर सरकेल. बिल भरायच्या शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत कार्ड कंपनीला खातं थकलं असं कळवता येत नाही, तेव्हा एक-दोन दिवसांच्या उशिराने ०३० लागलं असेल तरच भांडा. पुढच्या कंत्राटाला निघण्याआधी पूर्ण बिलाचं ऑटो डेबिट लावा. किमान रकमेचं नको, व्याज खाऊन टाकेल.

मडगावहून एक दुकानदार: एक एजंट पैसे घेऊन 'सिबिल साफ' करून देतो म्हणतो. आणि रिपोर्ट सारखा बघितला तर स्कोर उतरतो का?

उतरत नाही. स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघा. कर्जाचा अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते तिची नोंद राहते. म्हणून एका आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका.

एजंट करतो काय, तर वर सांगितलेला फुकटचा फॉर्म भरतो. काही बहाद्दर तुमच्या खऱ्या कर्जावरही 'हे माझं नाही' असं लिहून देतात. बँक कागद दाखवते आणि नोंद होती तिथंच राहते. तोवर तुमचा पॅन, आधार आणि आलेले ओटीपी त्याच्या फोनमध्ये. त्याला काही देऊ नका. चारही कंपन्यांना वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवलात तर वर्षभर लक्ष राहतं आणि खर्च शून्य. फक्त वेबसाइटवर फुकटचं बटण खाली कुठेतरी लहान अक्षरांत असतं, वरच्या मोठ्या बटणावर वर्गणी मागतात.