बटू आकाशगंगा की बटुदीर्घिका?

प्रश्न असा आहे : ‘आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या अंधुक बटू आकाशगंगा’ असं एका लेखात छापून आलंय, ते बरोबर का? आणि ‘बटू’ म्हणावं की ‘खुजी’?

इथे ‘दीर्घिका’च (इंग्रजीत ‘गॅलेक्सी’) हवी. आकाशगंगा हे विशेषनाम आहे, आपण जिच्यात राहतो त्या दीर्घिकेचं. गोदाकाठी गोदावरीला सर्रास ‘गंगा’ म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. पण दोन्ही नद्या एका वाक्यात आल्या की घोटाळा ठरलेलाच. वरच्या वाक्यात नेमकं तेच झालंय.

‘खुजी’ चूक नाही, पण मला ‘बटू’ आवडतो. बळीच्या यज्ञात आलेला वामन बटूच होता, त्यामुळे ठेंगणेपणाचा अर्थ आपल्याकडे आधीपासून आहे. शिवाय २००६ साली प्लूटोचं वर्गीकरण बदलल्यापासून ‘बटुग्रह’ रुळलाय. मात्र समासात ‘टु’ ऱ्हस्व आणि शब्द जोडून : बटुदीर्घिका. कवी पण कविसंमेलन, तसंच. वयाने मात्र या बटू नाहीत. यांतल्या सर्वांत मंद दीर्घिकांमधले बहुतेक तारे दहा अब्ज वर्षांहून जुने आहेत.

‘अंधुक’ऐवजी मी ‘मंद’ लिहीन. अंतरामुळे किंवा धुक्यामुळेही वस्तू अंधुक दिसते. इथे मुळात तेजच कमी आहे. सिंह राशीच्या दिशेची ‘सेग्वे १’ सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे दीर्घिकांच्या हिशेबात शेजारीच. तरी तिचा सगळा प्रकाश मिळून तीनेकशे सूर्यांएवढा! मृगातला राजन्य हा एकटा तारा तिच्या कितीतरी पट तेजस्वी आहे. मग हिला तारकागुच्छ का म्हणत नाहीत? कारण तिच्यातल्या ताऱ्यांचे वेग पाहता, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने वस्तुमान फार जास्त निघतं. या न दिसणाऱ्या जादा वस्तुमानाला कृष्णद्रव्य म्हणतात. ते असेल तर दीर्घिका, नसेल तर गुच्छ, असा सध्याचा संकेत आहे.

‘उपग्रह दीर्घिका’ही लिहितात, पण त्यातला ‘ग्रह’ मला खटकतो. मी ‘अनुचर’ सुचवतो. सप्तर्षींच्या दिशेला २०२३ साली जाहीर झालेल्या एका अनुचराच्या ताऱ्यांचं वस्तुमान जेमतेम १६ सूर्यांएवढं भरतं आणि ती दीर्घिका की गुच्छ यावर खगोलशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तिथे नुसतं ‘अनुचर’ लिहिलं तरी चूक होत नाही.